जर्मनीत एका छोट्या गावाचे खरंच दोन तुकडे झाले होते का?

हो, मोडलारॉइथ. जेमतेम पन्नासेक लोकवस्तीचं खेडं, आणि मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो, ओढा कसला, नीट उडी मारली तर पलीकडे जाल एवढाच. १८१० पासून हाच ओढा म्हणजे हद्द, एका बाजूला बव्हेरिया आणि दुसऱ्या बाजूला रॉइसचं संस्थान, जे पुढे थुरिंगिया राज्यात गेलं. पण तेव्हा कुणाला फरक पडत नव्हता, शाळा एक, गुत्ता एक.

खरी वाट लागली दुसऱ्या महायुद्धानंतर. बव्हेरिया अमेरिकनांकडे, थुरिंगिया रशियनांकडे, म्हणजे पुढे पूर्व जर्मनीत, आणि १९६६ मध्ये पूर्व जर्मनीने गावातून चक्क ७०० मीटरची काँक्रीटची भिंत घातली. अमेरिकन सैनिक गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणायचे. पूर्वेकडच्यांना समोरच्या शेजाऱ्याला नुसता हात करायचीही बंदी!

९ डिसेंबर १९८९ ला वाट खुली झाली. भिंतीचा थोडा भाग म्युझियम म्हणून ठेवलाय. गंमत म्हणजे गाव अजूनही दोन राज्यांत आहे, पिनकोड वेगळे, आणि नमस्कार करताना बव्हेरियाकडचे ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात तर पलीकडचे ‘गूटन टाग’.