मुलाचं कंपल्सरी रूटीन बदललं, तर आधीची मेहनत पाण्यात गेली का?

अमेरिकेतल्या एका मराठी पालकांनी विचारलंय: मुलगा ९ वर्षांचा, मुलांच्या जिम्नॅस्टिक्समध्ये खालच्या कंपल्सरी लेव्हलला आहे, म्हणजे सगळ्यांना ठरवून दिलेलं एकच रूटीन (कसरतींचा क्रम) करायचं. दोन सीझन तेच रूटीन घोटलं, आता कुठे मार्क यायला लागले, तर नव्या सायकलमध्ये (एक रूटीन लागू असतं तो काही वर्षांचा काळ) रूटीनच बदलणार. मेहनत पाण्यात गेली का? आणि मुळात सगळ्या पोरांना एकच रूटीन करायला लावण्यात हशील काय?

पाण्यात गेली नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच.

दुसऱ्यावर मात्र मला बोलायचंय. 'हशील काय' हे माझा मावसभाऊ मला १९९७ पासून प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बारशाला विचारत आलाय, आणि पंगतीत जिलबी खाता खाता त्याला नीट उत्तर देता येत नाही. इथे कोणी मध्ये बोलणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं पुण्यात एकाच हॉलमध्ये वाढलो. तेव्हा स्पर्धा दोन भागांत व्हायची. आधी कंपल्सरी, मग ऑप्शनल (ज्याने त्याने स्वतःचा बसवलेला सेट, म्हणजे रूटीन), आणि दोन्हीची बेरीज. कंपल्सरी सेट आंतरराष्ट्रीय महासंघ ठरवायचा. एक ऑलिंपिक झालं की पुढच्या चार वर्षांसाठी नवे सेट. म्हणजे तुमच्याकडे आज जे चाललंय ते काही नवीन नाही. फरक इतकाच की तुम्हाला नवीन रूटीनचे व्हिडिओ मिळतात, आमच्यापर्यंत सेट यायचे ते झेरॉक्सच्या झेरॉक्समधून. काड्यांची माणसं, मध्ये बाण, खाली इंग्रजीत दोन ओळी. पॅरलल बार्सच्या पानावर एका काडीमाणसाचा डावा हातच उडाला होता. तो दोन हातांवर उभा आहे की एका, यावरून आमचे सर आणि दुसऱ्या हॉलचे कोच असे भांडले की शेवटी कोणीतरी कुठूनतरी व्हिडिओ कॅसेट पैदा केली. ती अडकत अडकत चालायची. सर पॉज करून टीव्हीच्या काचेवर स्केचपेनने पायाची रेघ मारायचे, आणि घरमालकीणबाई मागे उभ्या राहून 'पुसा हं ते नंतर' म्हणायच्या.

तुमच्या मुलाला सर्कल (हातांवर तोल घेऊन जुळलेले पाय गोल फिरवणं) शिकायला मश्रूम (छत्रीच्या आकाराचं बुटकं साधन) आहे. आमच्याकडे छताच्या हुकाला दोरीने टांगलेली पत्र्याची बादली होती. पाय घोट्यापर्यंत बादलीत, हात घोड्यावर (पॉमेल हॉर्सवर), आणि फिरायचं गोल. कडा नडगीला कापू नये म्हणून तिच्यावर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. कंबर जरा खाली गेली की बादली घोड्याला आपटायची, आणि अख्ख्या हॉलला कळायचं कोणाची कंबर पडली ते. मावसभावाची सारखी पडायची.

तो माझ्यापेक्षा लहान, आणि भीती ही चीज त्याला ठाऊकच नव्हती. हायबारवरून डबल सॉल्टोचा डिसमाउंट (हवेत दोन कोलांट्या मारून उतरणं) त्याने मारला तेव्हा त्याला साधं उतरणं धड येत नव्हतं. पोरं प्रॅक्टिस सोडून त्याला बघायला जमायची. मला कोणी बघायला जमल्याचं आठवत नाही. मी सावकाश शिकायचो, पण जे शिकायचो त्याची रेघ सरळ असायची. सर तोंडावर कौतुक करायचे नाहीत, पण नव्या पोरांना हँडस्टँड दाखवायचा असला की मलाच उभं करायचे.

एका राज्य स्पर्धेत हे सगळं बाहेर आलं. हायबारवर जायंट (हात-पाय ताणून बारभोवती पूर्ण फेरी) घेताना मावसभावाचा उजवा गुडघा खाली येताना वाकायचा. ऑप्शनलमध्ये ते खपून जायचं, कारण पुढे काहीतरी जबरदस्त येणार हे बघणाऱ्याला माहीत असायचं. कंपल्सरीत पुढे काही जबरदस्त नसतं. तोच झोका, तोच हँडस्टँड, त्याच क्रमाने, सकाळपासून रांगेने आलेल्या प्रत्येक पोराचा. पंचाला बघायला दुसरं काही उरतच नाही, फक्त तुमचा गुडघा उरतो. त्याचे मार्क त्या दिवशी कटत गेले ते कटतच गेले. दुसऱ्या दिवशी त्याने डबल सॉल्टो मारला, टाळ्या पडल्या, पण बेरजेत मी पुढे राहिलो. मेडल माझं. 'गुडघ्यापायी माझं मेडल घालवलं' हे त्याचं आजतागायतचं म्हणणं. माझं म्हणणं, मेडल गुडघ्याचंच असतं.

मग १९९६ चं अटलांटा झालं. कंपल्सरी असलेलं ते शेवटचं ऑलिंपिक. त्यानंतर आंतरराष्ट्रीय पातळीवर कंपल्सरी बंद, फक्त ऑप्शनल. कारणं उघड होती. टीव्हीला ते नको होतं, अख्खा दिवस एकच सेट कोण बघणार? स्पर्धा आटोपशीर हव्या होत्या. आणि ज्या देशांकडे एक-दोनच चांगले खेळाडू आहेत त्यांना सहाही साधनांचे सेट बसवण्याचा खर्च झेपत नव्हता, हेही खरं. आमच्याकडे पुढची निवड चाचणी झाली ती फक्त ऑप्शनलवर. मावसभाऊ संघात. मी बाहेर. नियमच तसा होता, कोणी अन्याय केला असं मी म्हणत नाही. पण हॉलच्या पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधता बांधता तो जे बोलला ते मी विसरलेलो नाही: 'चला, कारकुनी बंद झाली एकदाची.'

कारकुनी! नादिया कोमानेचीचा १० सगळ्यांना माहीत असतो. माँट्रिऑल ऑलिंपिक, १९७६, वय १४, फलकावर १०.०० दाखवायची सोयच नव्हती म्हणून १.०० झळकलं, इथपर्यंत सगळे सांगतात. तो १० तिला कशात मिळाला हे विचारा. बार्सच्या कंपल्सरीत. सगळ्या मुलींनी केलेला तोच सेट तिने केला, आणि ऑलिंपिकमधला पहिला पूर्ण १० तिथे पडला. मी हे त्याला सांगितलं तर म्हणतो, 'मुलींचं वेगळं असतं.' असं म्हणणाऱ्याशी पुढे काय बोलायचं?

पॅरिस ऑलिंपिकनंतर त्याला नवीन हत्यार सापडलंय. तो चष्मेवाला अमेरिकन, स्टीफन नेडोरोसिक. २०२४ च्या सांघिक फायनलमध्ये अख्खा वेळ बसून होता, शेवटी फक्त पॉमेलवर आला, चष्मा काढला, १४.८६६ काढले आणि अमेरिकेच्या पुरुषांना २००८ नंतरचं पहिलं सांघिक मेडल पक्कं करून गेला. नंतर वैयक्तिक ब्राँझही घेतलं. मावसभाऊ म्हणतो, 'बघ, एकच साधन, एकच माणूस, कुठे आली तुझी कंपल्सरी?' अरे बाबा, पॉमेल म्हणजे काय? सर्कल. हात बदलले, जागा बदलली, कड्यांवरून कातड्यावर गेला, तरी खाली चालू असतं ते सर्कलच. ज्याची सर्कल नऊ-दहाव्या वर्षी मश्रूमवर पक्की होत नाही, त्याचं पॉमेल पुढे अवघडच जातं. मश्रूमवर तीच ती सर्कल पोरांकडून वर्षानुवर्षं कशामुळे करून घेतली जातात? कंपल्सरीमुळे. नाहीतर कोणता पोरगा आपण होऊन मश्रूमवर जाईल? सगळे ट्रॅम्पोलिनवर धावतील. माझा मावसभाऊ सगळ्यात पुढे असेल.

आणि आता तर वरची मंडळीही थोडी माझ्या बाजूला सरकली आहेत. २०२५ पासून पुरुषांच्या सेटमध्ये मोजल्या जाणाऱ्या घटकांची संख्या १० वरून ८ वर आली. कमी करा, पण स्वच्छ करा, असा मी त्याचा अर्थ लावतो. तो म्हणतो पोरं जायबंदी होतात म्हणून कमी केले. असेल तेही.

आता तुमच्या मुलाकडे येतो.

रूटीन बदलतं तेव्हा क्रम बदलतो, एखादं कौशल्य वरच्या लेव्हलवरून खाली येतं, एखादं जातं, कुठे बोनस नवा लागतो. हँडस्टँड जात नाही. सर्कल जात नाही. ताणलेली पावलं, घट्ट पोट, उतरताना न हललेली टाच, यातलं काहीही कुठल्याच सायकलमध्ये गेलेलं नाही. त्यामुळे दोन सीझनमध्ये मुलाने जर या गोष्टी कमावल्या असतील तर नवीन क्रम त्याच्या अंगात लवकर बसतो. आणि जर त्याने फक्त क्रम पाठ केला असेल, म्हणजे 'यानंतर हे, मग हे' एवढंच, तर हो, अवघड जाईल. ते कसं ओळखायचं? जुन्या रूटीनच्या मधलाच एखादा तुकडा त्याला करायला सांगा, सुरुवातीपासून नाही. गोंधळला तर समजा काय झालंय ते.

पहिल्या सीझनला मार्क खाली येतील. सगळ्यांचे येतात, आणि नवीन रूटीनमध्ये कुठे किती कापायचं यावर पंचांचाही हात बसायला वेळ लागतो. मागच्या वर्षीचा स्कोअर आणि या वर्षीचा शेजारी शेजारी लावून त्या पोराला दाखवू नका. काही पालक वहीत आलेख काढतात. ती वही टाकून द्या.

नवीन रूटीन नको म्हणून घाईने वरच्या लेव्हलला ढकलायचा विचार मनात असेल (तुमच्या प्रश्नात तो लिहिलेला नाही, पण असतोच) तर तो काढून टाका. लेव्हल बदलायची ती तयारी झाली म्हणून. ऑप्शनलमध्ये लवकर गेला म्हणजे पुढे गेला, असं नसतं. लवकर गेलेल्यांपैकी किती जण पंधराव्या वर्षी हॉलमध्ये दिसतात ते तुमच्याच जिममध्ये बघा.

यूट्यूबवरून शिकवत असाल तर व्हिडिओ कुठल्या सायकलचा आहे ते आधी तपासा. जुने व्हिडिओच जास्त बघितले गेलेले असतात म्हणून तेच वर येतात, आणि मुलगा दोन रूटीनची खिचडी करून स्पर्धेत उतरतो. सांगितलेला घटक गाळला की कंपल्सरीत मार्क कटतात. बरं, मुलांच्या फ्लोअरला संगीत नसतं, नाहीतर तेही नव्याने पाठ करावं लागलं असतं. तेवढी सुटका.

एक राहिलं. हे सगळं मी धडधाकट, खेळायची आवड असलेला मुलगा धरून लिहिलंय. टाचा किंवा मनगटं दुखत असतील, उंची एकदम वाढायला लागली असेल, किंवा सकाळी जिमचं नाव काढलं की पोट दुखत असेल, तर रूटीन नवं की जुनं हा प्रश्नच नाही, आधी ते बघा. आणि मी शिकवलंय ते इथे, तुमच्याकडच्या व्यवस्थेत नाही. तुमचे कोच मुलाला रोज बघतात, त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा वर धरा. फक्त ते जर 'कंपल्सरी म्हणजे वेळ घालवणं' असं म्हणाले, तर मात्र एकदा विचारा की ते स्वतः कंपल्सरीच्या दिवशी कितवे यायचे.

मावसभाऊ या साइटवर असतो आणि माझी उत्तरं वाचतो, लाइक करत नाही. त्याच्यासाठी: त्या दिवशीची तुझ्या बाबांनी काढलेली कॅसेट मी डिजिटल करून घेतली आहे. दिवाळीला ये, मोठ्या टीव्हीवर लावू, पॉज करू. उजवाच गुडघा आहे.