आपाश की अपाची?

प्रश्न असा आला आहे: "'कास्क दोर' या १९५२च्या फ्रेंच चित्रपटाच्या एका मराठी परिचयात 'पॅरिसमधील अपाची टोळी' असे शब्द आहेत. अपाची म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी ना? ते पॅरिसला कधी गेले? आणि चित्रपटाच्या नावाचं 'सोनेरी शिरस्त्राण' हे भाषांतर बरोबर आहे का?"

माणसं गेली नाहीत, त्यांचं नाव गेलं. पॅरिसच्या या गुंडांना १९००च्या आसपास 'आपाश' म्हणू लागले. स्पेलिंग तेच असलं, तरी फ्रेंचमध्ये 'सी-एच'चा उच्चार बहुतेक ठिकाणी 'श' होतो. एकाच मूळ शब्दापासून आपण इंग्रजीतून 'चीफ' घेतला आणि फ्रेंचमधून 'शेफ', तसंच हे. त्यामुळे मोटारसायकल आणि हेलिकॉप्टर खुशाल अपाची असू देत, पॅरिसच्या बेलव्हिल वस्तीतला गुंड मात्र आपाश. परिचय लिहिणाऱ्याने शब्द इंग्रजीतून उचलला, एवढाच घोळ.

आता हे नाव पॅरिसला पोचलं कसं? मुळात ते त्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाहीच. न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांच्या भाषेत 'शत्रू' अशा अर्थाचा एक शब्द आहे, त्यावरून स्पॅनिशमध्ये 'आपाचे' झालं, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे शेजाऱ्याने ठेवलेलं नाव, तेही वैऱ्याचं. फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या जंगल-वाळवंटाच्या साहसकथा भरपूर खपत. १८८९ साली बफेलो बिलचा खेळही पॅरिसला येऊन गेला. आपल्याच शहरातल्या गरीब गुन्हेगाराला 'रानटी टोळीवाला' म्हणण्याची हौस तर त्याहून जुनी. १८४२ साली युजेन स्यूने पॅरिसच्या अंधाऱ्या गल्ल्यांवरच्या आपल्या कादंबरीची सुरुवातच मुळी या तुलनेने केली होती.

या सगळ्याला नेमकं निमित्त मिळालं ते एका बाईमुळे. आमेली एली तिचं नाव. डोक्यावर उंच रचलेल्या सोनेरी केसांमुळे तिला 'कास्क दोर' म्हणत. तिच्यावरून मांदा आणि लेका या दोन टोळीप्रमुखांत वैर पेटलं आणि जानेवारी १९०२मध्ये शारोन भागात, पॅरिसच्या पूर्वेकडच्या कामकरी वस्तीत, उघड मारामाऱ्या झाल्या. वर्तमानपत्रांना आयताच मसाला मिळाला. 'आपाश' हा शब्द पहिल्यांदा कोणी छापला याचं श्रेय कधी आर्थर द्युपँ या पत्रकाराला देतात, कधी व्हिक्तोर मोरिसला. पण घरोघरी तो पोचला तो याच प्रकरणामुळे. पुढे १९०७च्या ऑक्टोबरात 'ल पेती झुर्नाल' या वर्तमानपत्राच्या सचित्र पुरवणीच्या मुखपृष्ठावर आपाश आला, तो चाकू घेतलेला अवाढव्य माणूस होऊन, आणि त्याच्यासमोर पोलीस अगदी बारकासा.

गंमत म्हणजे शिवी म्हणून आलेलं हे नाव काहींनी मिरवलंसुद्धा. टोळ्यांनी तर घेतलंच, पण संगीतकार राव्हेल आणि त्याच्या मित्रांनीही आपल्या कंपूला 'आपाश' हेच नाव ठेवलं होतं. लेस आणि पियानोवाले आपाश!

नावाची शिवी होण्याचे असे प्रकार मराठीला नवे नाहीत. "काय बेरड माणूस आहे" असं सहज बोलून जाणाऱ्या कित्येकांना बेरड हे एका जमातीचं नाव आहे याचा पत्ताही नसतो. भीमराव गस्ती यांनी आपल्या आत्मकथनाला नेमकं तेच नाव दिलं, ते उगाच नाही. १८७१च्या कायद्याने इंग्रज सरकारने इथल्या कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा रद्द झाला ऑगस्ट १९५२मध्ये. चित्रपटाचं सालही तेच, पण हा निव्वळ योगायोग. दोन्हींत फरक आहे तोही सांगायला हवा. पॅरिसच्या पोरांना एक उसनं नाव चिकटलं. आपल्याकडे ज्यांचं नाव, त्यांच्याच माथी शिक्का बसला.

म्हणूनच त्या परिचयातल्या 'अपाची टोळी'ला माझा विरोध केवळ उच्चारापुरता नाही. ते वाचून वाचकाच्या डोळ्यांपुढे पिसांचा मुकुट येतो, आणि दिग्दर्शक जाक बेकरच्या या चित्रपटात तर सगळं अगदी उलट आहे. त्याचा मांदा सुतार आहे. तुरुंगात जाऊन आलेला, पण आता रंधा मारून पोट भरणारा, कमी बोलणारा. सुरुवातीलाच नदीकाठच्या नाचघरात मारी (आमेलीवर बेतलेली नायिका), म्हणजे अभिनेत्री सिमोन सिन्योरे, रोलाँ नावाच्या गुंडाबरोबर वॉल्ट्झ नाचते. अंग त्याच्या हातात, पण प्रत्येक गिरकीला तिची नजर फिरून येते ती मांदावर. एक शब्दही न बोलता तिथेच सगळं ठरतं. पुढे मांदाच्या हातून रोलाँचा खून होतो. मारीवर डोळा असलेला लेका त्या खुनात मांदाच्या मित्राला अडकवतो. मित्रासाठी मांदा स्वतःहून हजर होतो, पण लेकाचा डाव कळल्यावर त्याला गोळ्या घालतो आणि गिलोटिनखाली जातो. खऱ्या प्रकरणात दोघांनाही गिलोटिन नव्हती, फ्रेंच गयानातली काळ्या पाण्याची सजा होती. पण बेकरला बातमी सांगायची नव्हतीच. माझ्या मते त्याने वर्तमानपत्रांनी 'टोळीवाला' करून टाकलेल्या माणसाला पुन्हा सुतार केलं. उलट त्याचा लेका दारूचा प्रतिष्ठित व्यापारी म्हणून वावरतो, आणि खरा बदमाश तोच.

मग मराठीत काय लिहायचं? 'गुंड' चालेल, पण त्यात ऐट नाही. गळ्यात रुमाल, तिरकी टोपी आणि चकचकीत बूट हा आपाशाचा थाट. तो थाट 'टपोरी'त आहे, पण टपोरी म्हटलं की पॅरिस पुसलं जातं आणि थेट मुंबईचा नाका उभा राहतो. 'मवाली'चंही तेच. त्यापेक्षा पहिल्यांदा 'आपाश, म्हणजे त्या काळचे पॅरिसचे टोळीवाले गुंड' असं सांगावं आणि पुढे नुसतं 'आपाश' ठेवावं.

राहिलं नाव. 'कास्क' म्हणजे शिरस्त्राण, 'ओर' म्हणजे सोनं. तेव्हा कोशाच्या हिशेबाने 'सोनेरी शिरस्त्राण' बरोबर आहे. पण गल्लीतल्या पोरांनी ठेवलेलं टोपणनाव असं सात अक्षरी, जोडाक्षराचं कसं असेल? 'सोनेरी टोप' सुचवणारे भेटतील, पण टोप म्हटल्यावर अर्ध्या वाचकांना नाटकातला केसांचा टोप आठवेल आणि उरलेल्यांना भाताचा. चित्रपटाचं नाव म्हणून 'कास्क दोर' तसंच राहू द्यावं. मजकुरात कोणी तिला हाक मारत असेल तर मी 'सोनकेशी' लिहीन. त्यात लढाईचा वास राहत नाही हे खरं, पण निदान तोंडात बसतं.

लिहिताना एवढंच बघा: एक आपाश, चार आपाश, आपाशांची टोळी, आपाशाचा चाकू. 'आपाशे' असं अनेकवचन करू नका. अकारान्त पुल्लिंगी नाम आहे, 'चोर'सारखं चालवा.