आईच्या फोनवर पोराने कस्टम रॉम टाकली, आता लॅपटॉप काढून घ्यायचा का?

साखळीच्या ताईंना नमस्कार,

तुमचं पत्र वाचलं, मग रात्री जेवणं आटोपल्यावर परत एकदा वाचलं. बाकीच्या आईवडिलांनाही कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ताई अंगणवाडी सेविका आहेत, मुलगा बारावी सायन्सला. त्यांच्या फोनला कंपनीचे अपडेट यायचे बंद झाले, फोन अडकायला लागला, म्हणून मुलाने चवथीच्या सुट्टीत त्यावर कस्टम रॉम टाकली, म्हणजे कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम काढून दुसऱ्या कोणी बनवलेली घातली, शिवाय जाहिराती जाव्यात म्हणून फोन रूट पण केला, म्हणजे आतल्या सगळ्या भागांत शिरायची परवानगी उघडली. फोन पळायला लागला पण बँकेचं ऍप उघडेना. आणि मग कळलं की तो मित्रांचे फोनही 300 रुपये घेऊन असेच करून देतो. मिस्टर म्हणतात लॅपटॉप काढून घ्या, पोरगा म्हणतो मला सायबर सिक्युरिटीतच जायचंय.

ताई, लॅपटॉप काढून घेऊ नका. पण तो फोन आजपासून पैशासाठी आणि अंगणवाडीच्या कामासाठी वापरायचा बंद करा. का ते सांगते, आणि हे पत्र त्यालाही वाचायला द्या, कारण अर्धं त्याच्यासाठीच लिहिलंय.

गॅसचा सिलिंडर घरी आला की आपण आधी सील बघतो ना? सील तुटलेलं असलं तरी गॅस पेटतो, भात पण शिजतो, पण मधे कोणी काय केलंय ते सांगता येत नाही. फोनचं तसंच आहे. फोन चालू होताना सगळ्यात आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो, तो पुढच्या सिस्टीमवर कंपनीची डिजिटल सही आहे का ते तपासतो आणि सही जुळली तरच पुढे जाऊ देतो, ह्याला व्हेरिफाइड बूट म्हणतात. कस्टम रॉम टाकायची तर हे कुलूप उघडावं लागतं. तुम्ही लिहिलंय की फोन चालू करताना आता इंग्रजीत कसलासा इशारा येतो, तो हाच, की कुलूप उघडं आहे आणि सिस्टीम खरी की बदललेली ह्याची खात्री हा फोन देऊ शकत नाही. समजा फोन बसमध्ये राहिला आणि दोन दिवसांनी कोणी आणून दिला. कुलूपबंद फोन असता तर आतली सिस्टीम गुपचूप बदलणं फार कठीण होतं. उघड्या फोनमध्ये जाणकार माणूस आतला भाग बदलून, तुम्ही पुढच्या वेळी पिन टाकाल तो टिपून घेणारा प्रोग्रॅम बसवू शकतो, आणि वरून तुम्हाला काहीसुद्धा कळणार नाही.

बँकेचं ऍप बंद पडलं ते पण ह्यामुळेच. ही ऍप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन मूळ अवस्थेत आहे का, उत्तर ‘नाही’ असं आलं की बंद होतात. तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला हे वाटलं की मुलगा म्हणतो, एक मॉड्यूल, म्हणजे रूट केलेल्या फोनला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकलं की बँकेचं ऍप पण चालेल. चालेल, बऱ्याचदा चालतं. पण ते मॉड्यूल बँकेला खोटं सांगतं की सील शाबूत आहे, आणि ते कोणी लिहिलं, आत काय आहे, हे तुमच्या मुलाने वाचलेलं नाही. यूपीआयमध्ये तुमचं सिम, तुमचा फोन आणि खातं एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून तर सुरुवातीला फोनमधून आपोआप एक एसएमएस जातो. तोच फोन खोटं बोलायला लागला तर मग उरलं काय? हे अजिबात करू देऊ नका.

रूटचं पण सांगते. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ऍप आपापल्या खोलीत कोंडलेलं असतं, एकाला दुसऱ्याच्या खोलीत जाता येत नाही. रूट म्हणजे सगळ्या खोल्यांना लागणारी एकच किल्ली. जाहिराती काढणाऱ्या ऍपला ती किल्ली दिली की ते बँकेच्या खोलीतही जाऊ शकतं, फोटोंच्याही आणि मेसेजच्याही, जाईलच असं नाही, पण अडवणारं कोणी राहत नाही.

आणि ताई, तुमच्या फोनमध्ये फक्त तुमचं नाही. पोषण ट्रॅकरवर तुम्ही गावातल्या पोरांची वजनं भरता, गरोदर बायकांची नावं, आधारची माहिती. त्या बायकांनी तुमच्यावर विश्वास ठेवून ती दिलीय, त्यांना तुमच्या फोनची सिस्टीम कोणी बनवली हे माहीत नाही आणि विचारायचं त्यांना सुचणार पण नाही. मुलाला हे ओरडून नको, शांतपणे सांगा. माझा अनुभव असा की ह्या वयाच्या पोरांना हॅकर येईल, पैसे जातील ही भीती पटतच नाही, पण शेजारच्या वहिनीची माहिती माझ्यामुळे उघडी पडली असती हे पटतं.

आता त्याची बाजू, कारण ती पण खरी आहे. अपडेट बंद झालेला कंपनीचा फोन सुरक्षित असतो असं मुळीच नाही. अँड्रॉइडमध्ये सापडलेल्या त्रुटी 2015 च्या ऑगस्टपासून गूगल महिन्याच्या महिन्याला जाहीर करतं, म्हणजे ज्या फोनला दुरुस्ती मिळत नाही त्याची दारं कुठे उघडी आहेत ती यादी सगळ्या जगाला मिळते. लिनिएजओएससारखा प्रकल्प जुन्या फोनला नवीन दुरुस्त्या देतो, हे चांगलंच काम आहे. ग्राफीनओएस तर मुद्दाम सुरक्षेसाठी बनवलेली सिस्टीम, ती गूगलच्या पिक्सेल फोनवरच चालते आणि टाकून झाल्यावर बूटलोडर परत कुलूपबंद करता येतो, त्यांच्या स्वतःच्या सहीने. तेव्हा कस्टम म्हटलं की सगळंच वाईट असं मी म्हणणार नाही. फरक आहे तो कोणाची, कुठून आणली आणि टाकल्यावर काय उघडं राहिलं ह्यात.

म्हणून त्याला विचारा, फाईल कुठून घेतलीस? टेलिग्रामच्या ग्रुपवरून घेतली असेल, बहुतेक पोरं तिथूनच घेतात, तर ती बनवणारा कोण? त्याने ती कुठल्या किल्लीने, म्हणजे सही करायच्या कुठल्या गुप्त कोडने, सही केलीय? अँड्रॉइडच्या सोर्स कोडबरोबर टेस्ट-कीज नावाच्या किल्ल्या येतात, त्या फक्त चाचणीसाठी असतात आणि जगात कोणालाही फुकट मिळतात. काहीजण आळसाने त्याच किल्लीने सही करून रॉम वाटतात, मग कोणीही त्याच सहीचं ऍप बनवून सिस्टीमचा भाग असल्यासारखं आत घुसवू शकतो. एसईलिनक्स, म्हणजे अँड्रॉइडचा आतला पहारेकरी, परमिसिव्हवर ठेवलंय का तेही बघायला सांगा, म्हणजे पहारेकरी नुसता लिहून घेतो, अडवत कोणालाच नाही. आणि सेटिंगमध्ये सुरक्षा दुरुस्तीची तारीख नवीन दिसते म्हणून खूश होऊ नकोस म्हणावं, ती वरच्या अँड्रॉइडची तारीख. खाली मोडेमचं, चिपचं जे सॉफ्टवेअर असतं ते कंपनीच देते, बाहेरच्याला ते दुरुस्त करता येत नाही, कंपनीने हात काढले की ते जुन्या तारखेवरच अडकतं. लिनिएजओएस ही व्हेंडरची, म्हणजे कंपनीच्या भागाची, तारीख वेगळी दाखवतं, बघ म्हणावं त्याला.

एक खरी गोष्ट त्याला नक्की आवडेल. 2020 च्या मे महिन्यात लिनिएजओएसच्या सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसलं, सॉल्टस्टॅक नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून. त्यांनी ते लगेच जाहीर केलं, आणि सह्या करायच्या किल्ल्या मुख्य यंत्रणेपासून वेगळ्या ठेवलेल्या होत्या म्हणून त्या वाचल्या. त्या गेल्या असत्या तर घुसणाऱ्याला खरी सही असलेली बनावट रॉम बनवता आली असती. किल्ली कुठे ठेवायची, कोणाच्या हातात द्यायची, गेली तर काय करायचं, हाच सायबर सिक्युरिटीचा गाभा आहे, आणि तुमचा मुलगा नकळत त्याच्या दारापर्यंत पोचलाय.

मित्रांच्या फोनचं मात्र आजच बंद. सुरक्षेचं कारण तर आहेच, ज्याने 300 रुपये दिले त्याला कुलूप उघडं राहणार, बँकेचं ऍप जाईल, वॉरंटी जाऊ शकते हे कोणी सांगितलेलं नसतं, पण त्याहून मोठं कारण वेगळंच आहे. फ्लॅश करताना, म्हणजे नवीन सिस्टीम टाकताना, कधीकधी फोनचा आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, उडतो, मग नेटवर्क येत नाही, आणि मग पोरं कुठलं तरी टूल आणून दुसराच नंबर लिहून टाकतात, त्यांना वाटतं आपण दुरुस्ती केली. आपल्याकडे 2017 पासून आयएमईआय बदलण्याविरुद्ध नियम आहेत आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यात अशा ओळख क्रमांकाशी छेडछाड केली तर 3 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. ज्या क्षेत्रात त्याला जायचंय तिथे चारित्र्याची चौकशी होते, रायबंदरच्या सायबर क्राईम पोलीस स्टेशनमध्ये अठराव्या वर्षी नाव नोंदलं गेलं तर पुढे काय काय समजावत बसणार? दुसऱ्याच्या फोनला किंवा नेटवर्कला परवानगीशिवाय हात लावायचा नाही हे तर आत्तापासूनच अंगात मुरायला पाहिजे, आयटी कायद्याच्या कलम 66 मध्ये त्यालाही 3 वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

आता पुढचं शिक्षण. बारावीचं गणित सोडू देऊ नका, क्रिप्टोग्राफी, म्हणजे माहिती कुलूपबंद करायचं शास्त्र, सगळी गणितावर उभी आहे. फर्मागुडीचं गोवा इंजिनिअरिंग कॉलेज फी परवडणारं, कॉम्प्युटर किंवा आयटी मिळालं तर उत्तम, नाहीतर वेर्णा, फातोर्ड्याची कॉलेजं आहेतच. कुंकळ्ळीच्या एनआयटीसाठी जेईई मेन लागते. मार्क कमी पडले तर बीसीए करूनही ह्या क्षेत्रात माणसं गेलीत, रडत बसायचं कारण नाही. पदवीनंतर फोंड्याजवळ कुर्टीला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा कॅम्पस आहे, डिजिटल फॉरेन्सिक म्हणजे फोन-कॉम्प्युटरमधून पुरावा काढायचं शास्त्र, ह्या पोराला ते नक्की भावेल. यंदाचे कोर्स आणि प्रवेशाच्या अटी तिथे स्वतः जाऊन विचारा, आणि इंजिनिअरिंगसाठी पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं माहितीपत्रक बघा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका.

तीन महिन्यांत एथिकल हॅकर बनवतो म्हणून पन्नास-साठ हजार मागणाऱ्या क्लासला एक रुपया देऊ नका. हे मी कळकळीने सांगते, कारण दागिने गहाण ठेवून पैसे भरलेल्या आया माझ्यासमोर बसलेल्या आहेत, आणि पोराला लिनक्सवर एक फोल्डर बनवता येत नव्हता.

तोपर्यंत घरी काय करायचं? अँड्रॉइडचा सोर्स कोड फुकट आहे पण तो बिल्ड करायला, म्हणजे त्यातून चालणारी सिस्टीम तयार करायला, गूगलच साधारण 400 जीबी जागा आणि 64 जीबी रॅम सांगतं, तुमच्या लॅपटॉपवर ते होणार नाही, त्यासाठी नवीन लॅपटॉपचा हट्ट धरला तर नाही म्हणा. लिनक्स, सी भाषा आणि नेटवर्किंग हे त्याच लॅपटॉपवर होतं. दर महिन्याला गूगलच्या जाहीर यादीतली एक त्रुटी घ्यायची आणि ती काय होती, कशी दुरुस्त केली हे वहीत स्वतःच्या मराठीत लिहायचं. पहिलं प्रकरण तुमच्या फोनचं, काय उघडलं, का उघडलं, कोणाची माहिती धोक्यात आली. पेडण्याकडच्या एका मुलाने माझ्या सांगण्यावरून अशी वही ठेवली होती, इंटर्नशिपच्या मुलाखतीत अर्धा तास फक्त त्या वहीवरच बोलणं झालं असं त्याने फोन करून सांगितलं, सर्टिफिकेट कोणी बघितलंसुद्धा नाही.

त्याला हौसच असेल तर एखादा जुना फोन द्या, सिम नाही, बँक नाही, घरचे फोटो नाहीत, त्यावर हवं ते मोडू दे.

आणि तुमचा फोन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये न्या. मुलाला घरी करू देऊ नका, कारण मूळ सिस्टीम नीट बसायच्या आधीच बूटलोडर लॉक केला तर फोन कायमचा बंद पडू शकतो, काही फोनमध्ये जुनी आवृत्ती टाकायला गेलं तरी तेच होतं. आतलं सगळं पुसलं जाईल, फोटो आधी काढून ठेवा. तुमचं सिम मिस्टरांच्या फोनमध्ये घालून यूपीआय पिन बदला, ईमेलचा पासवर्डही त्याच फोनवरून बदला, अंगणवाडीच्या सुपरवायझर बाईंना सांगा की दोन-चार दिवस ह्या फोनवर नोंदी करता येणार नाहीत. ह्या काळात खात्यातून अनोळखी पैसे गेलेले दिसले तर वाट न बघता 1930 ला फोन करा. फोन परत मिळाला की काउंटरवरच एकदा बंद करून चालू करा, तो इशारा आता येत नाही ना ते स्वतः बघा, मगच बँकेचं ऍप टाका. पण अपडेट त्याला आता येणारच नाहीत, म्हणून जमेल तेव्हा, साधा चालेल, पण अजून दोन-तीन वर्षं अपडेट मिळणारा फोन घ्या. दुकानात मुलालाच घेऊन जा, अपडेट कधीपर्यंत मिळणार हे दुकानदाराला त्यालाच विचारू दे.