वाचकांचे प्रश्न : काचतंतूवरची ब्रॅग ग्रेटिंग

प्रश्न : प्रकल्पासाठी आम्ही पोलादी तुळईवर फायबर ब्रॅग ग्रेटिंग चिकटवली. भार नसतानाही दुपारी ऊन आले की रीडिंग सरकते. दुसऱ्या एका ग्रेटिंगला तर एकाऐवजी दोन शिखरे दिसतात. सेन्सर खराब निघाले का?

उत्तर : बहुधा नाही. ऊन आणि गोंद, या दोन्हींचा हिशेब चुकला आहे. ब्रॅग ग्रेटिंग म्हणजे काचतंतूच्या गाभ्यात सारख्या अंतराने कोरलेल्या, अपवर्तनांक बदललेल्या सूक्ष्म रेषा. त्या एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवतात (आलेखात तिचेच शिखर दिसते), आणि तंतू ताणला किंवा तापला की ती सरकते.

१५५० नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला (मीटरभर लांबीत एक मायक्रोमीटर वाढ) परतणारी तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटर सरकते. मोकळा तंतू एक अंश सेल्सिअसला सुमारे १० पिकोमीटर सरकतो. पण तो पोलादाला चिकटला की पोलादाच्या प्रसरणाबरोबर ताणला जातो, आणि आकडा अंशाला २३-२४ पिकोमीटरवर जातो. तुळई १५ अंशांनी तापली तर भाराशिवाय सुमारे ३०० मायक्रोस्ट्रेन दिसणार! उपाय असा : त्याच पोलादाची छोटी पट्टी घेऊन तिच्यावर त्याच पद्धतीने दुसरी ग्रेटिंग चिकटवा. पट्टी तुळईला टेकलेली, पण एकाच टोकाला धरलेली हवी, म्हणजे तिच्यावर भार येत नाही आणि तापमान मात्र तेच राहते. दोन्ही ग्रेटिंगच्या सरकण्यातला फरक म्हणजे भारामुळे आलेला ताण. दोन्ही एकाच तंतूवर असतील तर त्यांच्या तरंगलांबीत ४-५ नॅनोमीटर अंतर ठेवा, नाहीतर शिखरे एकमेकांवर चढतील.

दोन शिखरांचे कारण गोंदात शोधा. थर कुठे जाड, कुठे पातळ असला की ग्रेटिंगच्या ५-१० मिलिमीटर लांबीत ताण सारखा राहत नाही आणि शिखर पसरते किंवा फुटते. गोंद आक्रसताना तंतू आडवा दाबला गेला तरीही शिखर दुभंगते. तो सेन्सर दुरुस्त होत नाही, खरवडून नवा लावा. आधी रंग आणि गंज काढा, २२० आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ॲसिटोनने एकाच दिशेने पुसा, नंतर हात लावू नका. तंतू किंचित ताणून (अर्धा नॅनोमीटर सरकेल इतका) दोन्हीकडे टेपने धरा. गोंद ग्रेटिंगच्या पूर्ण लांबीवर आणि पुढेमागे सेंटिमीटरभर, पातळ एकसारखा लावा. केवळ दोन टोकांना चिकटवलात तर दाब आल्यावर तंतू सैल पडेल आणि रीडिंग थांबेल. खोलीतल्या छोट्या चाचणीला सायनोॲक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) चालतो. पण तो ओलाव्याने सुटतो, म्हणून उघड्यावर सावकाश घट्ट होणारा इपॉक्सीच वापरावा. तंतूवरचे ॲक्रिलेटचे आवरण मऊ असल्याने ताण पूर्ण पोचत नाही. पॉलिइमाइड आवरणाचा तंतू मागवा.

प्रश्न : हा शोध कुणाचा? कॉलेजात ग्रेटिंग तयार करता येईल का?

उत्तर : १९७८ मध्ये कॅनडात, ओटावाच्या कम्युनिकेशन्स रिसर्च सेंटरमध्ये केनेथ हिल आणि सहकाऱ्यांनी जर्मेनियममिश्रित तंतूत आर्गॉन लेसरचा निळा-हिरवा प्रकाश सोडला. दूरच्या टोकावरून परतणाऱ्या प्रकाशामुळे आत स्थिर तरंग उभा राहिला आणि त्याचाच ठसा काचेच्या अपवर्तनांकात उमटत गेला. ही ग्रेटिंग फक्त लिहिणाऱ्या लेसरच्याच तरंगलांबीवर काम करी, त्यामुळे सेन्सरसाठी तिचा उपयोग मर्यादित होता. १९८९ मध्ये अमेरिकेत जेराल्ड मेल्ट्झ आणि विल्यम मोरी यांच्या गटाने बाजूने, २४४ नॅनोमीटरच्या दोन अतिनील शलाकांनी ग्रेटिंग लिहिली. शलाकांमधला कोन बदलला की हवी ती तरंगलांबी मिळते. माझ्या मते सेन्सरचा खरा रस्ता इथे खुला झाला.

आज बहुतेक ठिकाणी फेज मास्क (बारीक खाचांची काचपट्टी, जिच्यातून जाणारा अतिनील प्रकाश तंतूवर रेषा उमटवतो) वापरतात. १५५० नॅनोमीटरसाठी ग्रेटिंगच्या लागोपाठच्या रेषांतले अंतर सुमारे ५३५ नॅनोमीटर लागते, मास्कच्या खाचांतले त्याच्या दुप्पट. अतिनील लेसर, (काच अतिनील प्रकाशाला जास्त संवेदनशील व्हावी म्हणून) तंतूत उच्च दाबाखाली हायड्रोजन मुरवण्याची सोय आणि आवरण काढलेला नाजूक तंतू सांभाळण्याचे कसब, हे सगळे हवे. प्रकल्पासाठी तयार ग्रेटिंगच विकत घ्या. तंतूच्या टोकाचा कनेक्टर हिरवा, म्हणजे ८ अंशांत तिरका घासलेला निवडा आणि त्याला निळा, म्हणजे सरळ घासलेला, जोडू नका : मध्ये हवेची फट राहते आणि परावर्तित प्रकाशाच्या गोंगाटात तुमचे शिखर बुडते.