आधी दुसऱ्याचा रोप धरायला शीक

बेटा,

रॉक क्लाइंबिंग, म्हणजे कडे चढायला शिकायचंय असा तुझा मेसेज दोनदा वाचला. शूज कोणते घेऊ, ऑनलाइन रोप स्वस्तात मिळतोय तो चालेल का, आणि रविवारी कॉलेजच्या ग्रुपबरोबर पावागढला जाऊन ‘थोडं ट्राय करतो’. शूजचं नंतर बघू गं, आधी पावागढचं बोलू.

पावागढला रोप लावायचा नाही. चांपानेर-पावागढ 2004 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, तिथल्या तटबंदीवर चढणं, दगडात मेख ठोकणं हे आपण करायचंच नाही, कोणी बघत नसलं तरी नाही. आणि तिथे माणसं दर्शनाला येतात, वरून तुझ्या पायाखालचा एक धोंडा सुटला तर खाली कोण असेल काय सांगावं. नंतर कधीतरी नुसत्या पायऱ्या चढून या, दम वाढेल, माचीवर काहीतरी खा आणि परत या.

आता रोप. तू लिंक पाठवलीस तो स्टॅटिक आहे, म्हणजे ताणला जात नाही, तो रॅपलिंगला, म्हणजे रोपवरून खाली उतरायला, आणि सामान ओढायला ठीक. चढताना पडलीस तर ताणला जाणारा डायनॅमिक रोप लागतो, तो ताणतो म्हणून झटका त्याच्यात जिरतो, नाहीतर सगळा झटका तुझ्या कमरेला आणि वरच्या अँकरला, म्हणजे रोप जिथे अडकवलाय त्या जागेला, बसतो. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून आत्ता काहीच विकत घेऊ नकोस.

तू विचारलंस की बोल्डरिंग, स्पोर्ट, ट्रॅड यातलं नक्की काय करू. मी आजवर सगळ्यांना एकच सांगत आलेय की नावं पाठ करू नका, प्रत्येक ठिकाणी एवढंच विचारा, हात सुटला तर मला धरणार कोण? बोल्डरिंगला रोपच नसतो, चार-पाच मीटरचा धोंडा, खाली जाड गादी म्हणजे क्रॅशपॅड, आणि मागे हात वर करून उभा असलेला स्पॉटर. तो तुला झेलत नाही हं, कमरेला हात देऊन गादीवर वळवतो आणि डोकं वाचवतो. हम्पीच्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर लोक महिना महिना हेच करत बसतात. सामान कमी लागतं म्हणून सगळ्यांना ते सोपं वाटतं, पण तिथे प्रत्येक वेळी पडणं जमिनीवरच असतं, घोटे आणि मनगटं तिथेच जातात.

टॉप रोपला रोप वरच्या अँकरमधून फिरून खाली येतो आणि खाली बिले देणारा, म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळणारा, तो धरून असतो, पडलीस तर वीतभर खाली येतेस. पोरं याला ‘बच्चों का’ म्हणतात, तू म्हणू नकोस. तुझं पहिलं वर्ष यातच जाऊ दे, कारण पाय कुठे ठेवायचा हे भीती नसली तरच शिकता येतं.

पण त्याच्याही आधी बिले. माउंट अबूला चढाईचा कोर्स करून झाल्यावर आम्ही पाच-सहाजण परत तिथे गेलो होतो, मी खाली बिले देत होते आणि शेजारच्या रोपवरच्या मुलीशी बोलत होते. वरून मैत्रीण ‘टेक’, म्हणजे रोप ताणून धर, असं म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही, रोप ढिला राहिला होता, तिचा पाय सरकला आणि ती दोन मीटर जास्त खाली आली, घोटा कपारीवर आपटला. प्लास्टर घालून तिला बडोद्याला आणलं. चूक माझी होती, पूर्ण माझी, आणि तिने ती मला एकदाही बोलून दाखवली नाही. त्या दिवसापासून माझा उजवा हात रोपवरून सुटलेला नाही. तो हात असा असतो बघ: डाव्याने वरचा ढिला रोप खाली ओढायचा, त्याच वेळी उजव्याने कमरेच्या डिव्हाइसमधून, म्हणजे रोप अडवणाऱ्या साधनातून, बाहेर खेचायचा, लगेच उजवा हात खाली मांडीपाशी, मग डावा हात उजव्याच्या खाली रोपवर आणून उजवा सरकवून वर घ्यायचा. सरकवायचा, उचलायचा नाही. हे हजार वेळा कर.

स्पोर्टला कड्यात आधीच बोल्ट मारलेले असतात, तू चढत जातेस आणि त्यांना क्विकड्रॉ, म्हणजे पट्टीने जोडलेल्या दोन कड्या, लावून त्यात रोप अडकवत जातेस. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर असताना सुटलीस तर निदान चार मीटर पडणार, वर रोपचा ताण वेगळा. बदामीच्या लाल वालुकाश्मावर याचे सुंदर रूट आहेत, थंडीत जा, पावसानंतर लगेच नको कारण ओला वालुकाश्म कमजोर होतो आणि धरायचे होल्ड तुटून हातात येतात. ‘रेडपॉइंट’, म्हणजे लाल ठिपका, हा शब्द तू वाचला असशील, तो 1975 मध्ये जर्मनीच्या फ्रँकेनयुरातून आला. तेव्हा मेखा धरून वर जायची पद्धत होती, तिथला क्लाइंबर कुर्ट आल्बर्ट रूटच्या पायथ्याशी लाल ठिपका रंगवायचा, अर्थ असा की ह्या मेखा फक्त पडलो तर धरायला, ओढायला नाही, वर गेलो तो खडकाला धरून. एवढ्याशा ठिपक्याने सगळा खेळ बदलला, मला ही गोष्ट फार आवडते.

ट्रॅडमधे बोल्टही नाहीत, फटीत अडकून बसणारी धातूची साधनं, नट आणि कॅम, तूच बसवायची आणि त्यांच्यावर विश्वास टाकायचा. ते कोणाच्या तरी मागे सेकंड, म्हणजे दुसऱ्या नंबरवर, जाऊन, त्याने बसवलेलं काढत काढत शिकायचं. सह्याद्रीतले सुळके त्याच्याही पुढचे, तिथला कातळ कुठे पक्का आणि कुठे भुसभुशीत हे हाताला कळायला वर्षं जातात. स्पीड म्हणजे 15 मीटरची ठरलेली भिंत, पॅरिस ऑलिंपिकमधे 2024 ला सॅम वॉटसनने ती 4.74 सेकंदात केली, बघायला मजा येते, बडोद्यात राहून करणं अवघड.

आणि तुझ्या मेसेजमधला तो बिनरोपचा व्हिडिओ. अॅलेक्स होनोल्ड 3 जून 2017 ला अमेरिकेतला एल कॅपिटन हा प्रचंड कडा रोपशिवाय चढला हे खरं, पण त्याआधी तोच रूट त्याने रोप लावून कितीदा घोकला होता, आणि 2016 मधे सुरुवात करून बरं वाटेना म्हणून तो परत फिरला होता. तू त्यातलं परत फिरणं तेवढं घे. बाकीचं माझ्यासमोर बोलायचंही नाही.

उंची कमी आहे म्हणून जमेल का, असं शेवटी हळूच लिहिलंयस. एल कॅपिटनचा ‘नोज’ नावाचा रूट सगळ्यात आधी फ्री, म्हणजे रोप फक्त पडलं तर धरायला ठेवून, चढली ती लिन हिल, 1993 मधे, तोवर एकाही पुरुषाला तो जमला नव्हता. ती तुझ्याएवढीच असेल, आणि वरच्या बारीक फटीत तिची बारीक बोटंच उपयोगी पडली.

गुजरात सरकारची अबूला पर्वतारोहण संस्था आहे, स्वामी विवेकानंदांच्या नावाची, तिथला बेसिक कोर्स कधी आहे ते विचारून फॉर्म भर. अबूचा ग्रॅनाइट खरखरीत आहे, पहिल्या दोन दिवसांत बोटांची सालं निघतील, घाबरू नकोस. नखं कापून जा. शूज तिकडून आल्यावर घेऊ, पायात घालून बघून, बोटं जरा दुमडतील पण रडू येणार नाही असे.

रविवारी पावागढ कॅन्सल कर आणि दांडिया बाजारला माझ्याकडे ये, सकाळी दहाला. जुन्या रोपचा तुकडा आहे, फिगर एट, म्हणजे रोप कमरेला बांधायची गाठ, बांधायला शिकवते. आधी बघून, मग डोळे मिटून, आणि प्रत्येक गाठ मी तपासणार आणि माझी तू तपासायची. आईला सांग जेवायला इथेच आहेस.

मावशी