वाचकांचे प्रश्न : पाच रुपयांची वेतननिश्चिती आणि चार शिलिंगांचं आरमार

प्रश्न : सातव्या वेतन आयोगात १ जानेवारी २०१६ ला माझं मूळ वेतन ३१,४०० रुपये ठरवलं. आधी, सहाव्या आयोगाप्रमाणे, वेतनबँडमधलं वेतन ९,८२० आणि त्यावर पदाच्या श्रेणीची जोड रक्कम, म्हणजे ग्रेड पे, २,४०० होता. तेवढंच वेतन असलेला शेजारच्या साझ्यातला तलाठी ३२,३०० वर आहे. आस्थापनेचे बाबू म्हणतात, पाच रुपयांसाठी कशाला भांडता? दुसरं, चावडीवर येणारे एक निवृत्त गुरुजी सांगतात की पगारासाठी इंग्रजांच्या आरमारानंच जहाजं हलवायला नकार दिला होता. खरं आहे का?
– एक तलाठी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आधी हिशेब. ९,८२० अधिक २,४०० म्हणजे १२,२२०. त्याला सातव्या आयोगाच्या गुणकानं, म्हणजे २.५७ ने, गुणा : ३१,४०५.४०, म्हणजे ३१,४०५. ही रक्कम नव्या वेतन तक्त्यात तुमच्या श्रेणीच्या, एस-८ च्या, रकान्यात शोधायची. तीच नसेल तर लगतची वरची घ्यायची, जवळची नव्हे. ३१,४०० पाच रुपयांनी खाली पडतं, म्हणून ३२,३००. बाबूंनी ‘जवळची’ घेतली. फरक पाच रुपयांचा नाही, महिन्याला ९०० चा आहे. पुढच्या वेतनवाढीला तुम्ही ३२,३०० वर आणि शेजारी ३३,३०० वर, म्हणजे फरक १,००० झाला. महागाई भत्ता आणि एनपीएसची (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेची) कपातही याच मूळ वेतनावर चालते.

अर्ज तहसीलदारांमार्फतच करा. सोबत ३१ डिसेंबर २०१५ चं वेतन दाखवणारं सेवापुस्तकाचं पान, विकल्पाचा नमुना (नवी वेतनश्रेणी कधीपासून घेतली ते सांगणारा) आणि वेतननिश्चितीचं विवरणपत्र जोडा. गुणाकार अर्जातच मांडा. नुसतं ‘अन्याय झाला’ लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो. दुरुस्त नोंद वेतन पडताळणी पथकाकडे जाते, आणि तिथून पुस्तकं परत येतात ती बहुधा क्षुल्लक कारणांनी : वेतनवाढीच्या नोंदीखाली सही नाही, खाडाखोड साक्षांकित नाही, रजेचा कालावधी कोराच. सेवापुस्तक जाण्याआधी ही पानं स्वतः पाहा, दुय्यम प्रत जवळ ठेवा. २०१६ ते २०१८ ची थकबाकी आणि जानेवारी २०१९ पासूनचा फरक वेगवेगळे मागा. पहिली पाच हप्त्यांत मिळायची होती, दुसरा पगारात रोख. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तहसीलातून उठू नका.

आता गुरुजींचं. खरं आहे, आणि तेही दोनदा. १७९७ मध्ये फ्रान्सशी युद्ध चालू असताना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पिटहेड या नांगरतळावर खलाशांनी नांगर उचलायला नकार दिला. त्यांचे दर १६५० च्या दशकातले, बाजारभाव मात्र दीडशे वर्षं पुढे गेलेले. फ्रेंच आरमार बाहेर पडलं तर लढायला जाऊ, एवढं त्यांनी कबूल केलं होतं. पगारवाढ घेऊनच ते हलले. दुसरी वेळ सप्टेंबर १९३१ ची, स्कॉटलंडमधल्या इनव्हरगॉर्डनची. मंदीत सरकारनं पगारकपात काढली. १९२५ नंतर भरती झालेला खलाशी आधीच कमी दरावर होता. जुन्या दरावरच्यालाही त्याच पंक्तीला बसवायचं ठरलं. चार शिलिंग रोज मिळवणाऱ्याला तीन, म्हणजे पंचवीस टक्के कपात. वरच्यांची कपात साधारण दहा टक्क्यांची! बातमीही अनेकांना वर्तमानपत्रातून कळली. १५ आणि १६ सप्टेंबरला बड्या जहाजांवरच्या खलाशांनी काम थांबवलं. अन्नधान्य समुद्रमार्गे आणणाऱ्या बेटाचं कुंपण म्हणजे आरमार. तेच अडल्यावर सावकारांचा भरवसा डळमळला, आणि २१ सप्टेंबरला ब्रिटननं सुवर्णमान, म्हणजे चलनाला सोन्याच्या ठरलेल्या दराचा आधार, सोडलं. कपात पुढे दहा टक्क्यांवर आणली, पण पुढाकार घेणाऱ्या अनेकांना नौदलातून काढलं.

ती वाट तुमच्यासाठी नाही. तुमच्या वर्तणूक नियमांत संपाला मनाई आहे. शिवाय संपाचे दिवस सेवापुस्तकात लागले, की पडताळणी पथकाला आक्षेपाला आणखी एक ओळ मिळते. तुमचं प्रकरण गुणाकाराचं आहे, ते कागदावरच जिंकता येतं.