आधी नळयोजना की आधी भूमिगत गटार?

प्रश्न : आमच्या गावची नळयोजना जुनी असून बहुतेक वाहिन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या आहेत. नळ चार दिवसांआड येतो आणि सुरुवातीचे पाणी गढूळ व दुर्गंधीयुक्त असते. नगर परिषदेने आता भूमिगत गटाराचा प्रस्ताव पुढे आणला आहे, आणि त्याच गल्ल्यांत सिमेंटचे रस्तेही मंजूर झाले आहेत. यांपैकी कोणते काम आधी व्हावे?
– एक वाचक, अकोला जिल्हा

उत्तर : खोदकामाचा क्रम आणि खर्चाचा अग्रक्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की तोच रस्ता दोनदा फुटतो.

खोदकामात गटाराची वाहिनी आधी टाकावी, कारण ती उताराने वाहते आणि त्यामुळे खोल जाते. जलवाहिनी तिच्यानंतर व वरच्या पातळीवर टाकावी, आणि रस्ता सर्वांत शेवटी करावा. दोन्ही वाहिन्यांमध्ये आडवे अंतर तीन मीटर असावे आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे जलवाहिनी किमान अर्धा मीटर वर असावी, असा केंद्रीय तांत्रिक नियमावलीचा दंडक आहे. जुन्या पेठेतल्या अरुंद गल्लीत तीन मीटर मिळणे कठीणच. तेथे निदान एक वाहिनी एका कडेने, दुसरी दुसऱ्या कडेने आणि पाण्याची निश्चितपणे वर, एवढा आग्रह धरावा. प्रत्येक घराच्या हद्दीपर्यंत नळाचे व गटाराचे जोड काढून ठेवल्याशिवाय सिमेंट ओतू देऊ नये. अंदाजपत्रकात नेमका हाच भाग बहुधा दुबळा असतो.

खर्चाचा अग्रक्रम मात्र पाण्यालाच द्यावा. भूमिगत गटार असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर आणि गटार नसलेल्या गावासाठी ७० लिटर पाणी गृहीत धरण्याची रूढ पद्धत आहे, आणि त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होते असे मानले जाते. म्हणजे १३५ लिटरवर आखलेल्या गटारात माणशी १०८ लिटर यायला हवे. आपल्याकडे माणशी ७० लिटरच मिळत असेल, तर ५६ लिटरच येईल. गटारात गाळ बसू नये यासाठी प्रवाहाला सेकंदाला साधारण ०.६ मीटरचा वेग लागतो. पाणी कमी पडले की मैला तळाशी साचतो, चेंबर तुंबतात, आणि मग कोणाला तरी आत उतरवण्याचा मोह होतो. सुरक्षासाधनांविना असे उतरवणे हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

गढूळ पाण्याचे कारणही या खंडित पुरवठ्यातच दडलेले आहे. नळ बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो, आणि ती नालीतून किंवा नालीलगत गेली असेल तर फुटक्या सांध्यांतून घाण आत शिरते. नळ सुटताच प्रत्येक घरचा टिल्लू पंप (नळाला थेट जोडलेला, पाणी ओढणारा छोटा पंप) सुरू होतो आणि हे शोषण आणखी वाढते. गल्लीच्या टोकाच्या घरी ओ.टी. चाचणी (ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे थेंब पाण्यात टाकून क्लोरीन तपासणे) करून पाहावी. पाण्याला पिवळी छटा आली नाही, तर त्यात क्लोरीन उरलेले नाही असे समजावे. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन असणे अपेक्षित आहे. नियमित, मीटरने मोजलेले पाणी लहान गावाला परवडत नाही हा समज खरा नाही : कराडजवळच्या मलकापूरने (आपल्या बुलडाण्याच्या नव्हे) चोवीस तास पुरवठा मीटर लावूनच साधला.

गटार होईपर्यंत शौचालयांच्या टाक्यांचे काय, हे आपण विचारलेले नाही, पण विचारायला हवे. त्या दर दोन-तीन वर्षांनी उपसून गाळावर प्रक्रिया करणे हा कमी खर्चाचा मार्ग आहे. सिन्नर आणि वाई या नगर परिषदांनी ठरावीक वेळापत्रकाने उपसा करण्याची पद्धत राबवली आहे. सर्वच लहान गावांना भूमिगत गटार हवेच, असे मला वाटत नाही.

प्रश्न : आमच्याकडे दरवर्षी जलवाहिनी त्याच त्या ठिकाणी फुटते. कंत्राटदार मातीला दोष देतो. हे खरे का?
– एक वाचक, बुलडाणा जिल्हा

उत्तर : अर्धे खरे आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि ताठर वाहिनीचे सांधे ओढले जातात. पण माती काळी आहे हे काम घेतानाच ठाऊक होते. अशा जमिनीत चरातली काळी माती परत न भरता वाहिनीच्या खाली व भोवती वाळू किंवा बारीक मुरूम भरावा लागतो. शिवाय सांधे वितळवून जोडलेली एचडीपीई (एक प्रकारचे मजबूत प्लास्टिक) वाहिनी मातीबरोबर थोडी वाकू शकते. आपले गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात असेल, तर खारट जमिनीत लोखंड लवकर गंजते. तेथे डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे चिवट बीड लोखंडाच्या) वाहिनीला बाहेरून प्लास्टिकचे आवरण असल्याची खात्री करावी. चर बुजवण्यापूर्वी दाबाची चाचणी झाली होती का, हे नगर परिषदेला माहितीच्या अधिकारात विचारावे आणि मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या मापांच्या सरकारी नोंदवहीत) मुरमाच्या भरावाची नोंद असल्यास तिचीही प्रत मागावी.